पाऊच उभा केला आणि नावच गायब! लेबल, पत्रक आणि बोर्डाच्या डिझाइनमधल्या महागात पडणाऱ्या चुका



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण डिझाइनमधल्या चुकांबद्दल बोललो. पण मापं, आकडे, नियम हे ऐकून लक्षात राहत नाहीत, ते लिहिलेलेच बरे. म्हणून हा लेख. वाचायला बसताना तुमचं सध्याचं लेबल, पत्रक किंवा व्हिजिटिंग कार्ड हाताशी घ्या आणि वाचता वाचता तपासत चला. अजून काहीच छापलं नसेल तर उत्तम, तुमचे पैसे वाचतील.

आधी माझीच फजिती सांगते.

माझी आई चकलीची भाजणी करायची. ओळखीपाळखीत दर दिवाळीला चाळीस-पन्नास किलो जायची. मी तेव्हा नुकतीच कॅनव्हा वापरायला शिकले होते आणि अंगात उत्साह फार. म्हटलं, या वर्षी छापील पाऊच करू, दुकानात ठेवू. तीन रात्री जागून डिझाइन केलं. सोनेरी पिवळं बॅकग्राउंड, मधोमध मोठं कमळ, त्याखाली आमच्या ब्रँडचं नाव वळणदार अक्षरांत, आणि अगदी तळाला नाजूक अक्षरांत 'चकली भाजणी'. लॅपटॉपवर इतकं सुंदर दिसत होतं की मी तेच डेस्कटॉपला लावून ठेवलं होतं! ३,००० पाऊच छापले. एकाला ७ रुपये, म्हणजे २१,००० रुपये.

पाऊच घरी आले. अर्धा किलो भाजणी भरली, पाऊच ओट्यावर उभा केला. उभ्या राहणाऱ्या पाऊचला तळाला एक घडी असते, माल भरला की ती उघडते. ती उघडली आणि 'चकली भाजणी' हे दोन्ही शब्द त्या घडीत गेले. ओट्याकडे तोंड करून. समोर राहिलं ते कमळ आणि आमचं नाव, जे आमच्या गल्लीबाहेर कोणालाच माहीत नव्हतं.

तरी आम्ही ते दुकानात ठेवले. चार दिवसांनी दुकानदार काकांचा फोन, "ताई, गिऱ्हाईक विचारतंय, हे उटणं आहे का?" आता दिवाळीचे दिवस, सोनेरी पाऊच, त्यावर कमळ. लोकांचं तरी काय चुकलं?

त्या दिवाळीत आम्ही घरात बसून स्टिकर चिकटवत होतो. आई मला रागावली नाही. फक्त एवढंच म्हणाली, "मला आधी एक पिशवी भरून दाखवायचीस की गं."

आज मी डिझाइनबद्दल जे काही शिकवते ते सगळं या एका वाक्यात आहे. मी डिझाइन स्क्रीनवर बघत होते, गिऱ्हाईक ते मांडणीवर बघणार होतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच येतात. आपण लॅपटॉपसमोर बसून, झूम करून, निवांत बघतो. गिऱ्हाईक उभं असतं, घाईत असतं, त्याच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात पोराचा हात असतो.

आधी काय वाचलं जातं?

तुमचं लेबल भिंतीला लावा आणि पाच-सहा पावलं मागे जा. सगळ्यात आधी काय दिसतंय? ज्याने हे लेबल आधी कधी पाहिलेलं नाही अशा शेजाऱ्याला विचारा, "यात काय आहे?" त्याने क्षणभर जरी विचार केला, तरी लेबल नापास.

नव्या उद्योजकांची ही क्रमांक एकची चूक आहे: स्वतःचं नाव मोठं, वस्तूचं नाव छोटं. असं का होतं ते मला कळतं. नाव ठेवताना आपण घरात पंधरा दिवस चर्चा केलेली असते, लोगोवर जीव जडलेला असतो. आणि मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांवर कंपनीचं नाव ठसठशीत असतं, ते बघून आपणही तसंच करतो. पण त्यांचं नाव लोकांना आधीच माहीत आहे, ते नावच माल विकतं. तुमच्या बाबतीत आज माल विकेल तो 'कांदा लसूण मसाला' हे शब्द वाचून. पुढे तो आवडला तर लोक तुमचं नाव शोधतील.

म्हणून सुरुवातीला क्रम असा ठेवा. हे काय आहे, ते सगळ्यात मोठं. मग तुमच्या मालाचं एकच वेगळेपण, म्हणजे 'जात्यावर दळलेलं' किंवा 'साखर नाही' असं जे खरं असेल ते. मग ब्रँडचं नाव. आणि 'एकच' म्हणजे एकच! एका विद्यार्थिनीच्या लेबलवर मी मोजले होते: 'घरगुती', 'शुद्ध', 'नैसर्गिक', 'पारंपरिक', 'चविष्ट', 'दर्जेदार', 'खात्रीशीर'. सात शब्द, सातही ठळक, सातही वेगवेगळ्या रंगांत. सगळेच ओरडायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही. आपण त्यातले सहा काढले. 'घरगुती' ठेवला, कारण तिचं गिऱ्हाईक खरंच त्यासाठी येत होतं.

मराठी अक्षरांचे हाल

हा विषय बहुतेक डिझाइनच्या व्हिडिओंमध्ये येतच नाही, कारण ते इंग्रजी अक्षरं धरून बनवलेले असतात. म्हणून इथे जरा थांबते.

पहिली गोष्ट, अक्षरांमधलं अंतर. कॅनव्हासारख्या ॲपमध्ये अक्षरं लांब-लांब करण्याची सोय असते. इंग्रजीत ते छान दिसतं. मराठीत ते केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. मराठीसाठी ते अंतर शून्यावर ठेवा, विषय संपला.

ओळींमधलं अंतर मात्र उलट, वाढवायचं. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. इंग्रजीच्या हिशोबाने ओळी जवळ घेतल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. छोट्या लेबलवर तर ते छपाईचा डाग पडल्यासारखं दिसतं.

दुसरं, मोडलेली अक्षरं. पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाणं, जोडाक्षर सुटून मध्ये हलन्त दिसणं, हे तुम्ही फ्लेक्सवर शेकडो वेळा पाहिलं असेल. फोटोशॉपमध्ये मराठी लिहिताना वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू नसेल तर असं होतं. तसंच तुम्ही युनिकोडमध्ये टाइप करून पाठवलेला मजकूर डीटीपीवाल्याने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये नेला तर रूपांतरात अक्षरं बदलतात. म्हणून त्याच्याकडून पीडीएफ परत आली की ती नवीन मजकूर समजून पहिल्यापासून वाचायची. "मी बरोबर पाठवलं होतं" याला अर्थ नाही.

तिसरं, शुद्धलेखन. 'शुद्ध' हा शब्दच सर्रास अशुद्ध छापला जातो: 'शुध्द'. आधी द, मग त्याला ध, हे लक्षात ठेवा. 'आशीर्वाद'मधला रफार शी वर जाऊन 'आर्शिवाद' होतो. 'पीठ' दीर्घ आहे, पिठाचा व्यवसाय करणाऱ्यांनी तरी ते 'पिठ' छापू नये! तुम्ही म्हणाल, गिऱ्हाईक कुठे एवढं बघतं? काही बघत नाहीत, खरं आहे. पण जे बघतात त्यांच्या मनात येतं की नावात एवढा निष्काळजीपणा, तर बरणीत काय असेल?

फॉन्टचं म्हणाल तर फुकट आणि चांगले मराठी फॉन्ट आता भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे दोन गूगल फॉन्ट्सवर मिळतात. मुक्ता बारीक मजकुराला उत्तम, बालू जाडसर, ठळक नावाला शोभतो. पारंपरिक वळण हवं असेल तर टीरो देवनागरी मराठी बघा, त्यात 'ल' आणि 'श' आपल्या मराठी वळणाचे आहेत. एका डिझाइनमध्ये दोन फॉन्ट पुरे. आणि जागेत बसवायला अक्षर आडवं-उभं ताणायचं नाही. बसत नसेल तर शब्द कमी करा.

रंग: मोबाइलवर वेगळा, कागदावर वेगळा

मोबाइलची स्क्रीन लाल, हिरवा, निळा असा प्रकाश मिसळून रंग दाखवते. छपाईत निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशी चार शाई कागदावर पडते. प्रकाशाचा झगमगाट शाईत येत नाही. चमकता पोपटी, निऑन नारिंगी, गडद निळा हे रंग कागदावर मंद होणारच. माझं सोनेरी पिवळं प्रत्यक्षात मोहरीसारखं आलं होतं, तेही सांगून टाकते. खरं सोनेरी हवं तर वेगळी शाई किंवा फॉइल लागतं, त्याचा खर्च वेगळा.

यात प्रिंटरशी भांडून उपयोग नाही. उपाय एकच, मोठी ऑर्डर देण्याआधी त्याच कागदावर किंवा त्याच प्लास्टिकवर एक नमुना छापून मागा. त्याचे शे-दोनशे रुपये जास्त गेले तर जाऊ द्या.

रंगांची एक घरगुती परीक्षा आहे. डिझाइनचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो ब्लॅक अँड व्हाइट करा. अक्षरं बॅकग्राउंडमध्ये मिसळून गेली तर समजा वाचायला त्रास होणार. पांढऱ्यावर पिवळी, हिरव्यावर लाल अक्षरं इथे लगेच पकडली जातात. शिवाय लाल आणि हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही अशी माणसं तुमच्या गिऱ्हाइकांत नक्की आहेत. ते काही सांगत बसत नाहीत, दुसरं पाकीट उचलतात.

फोटो का फुटतो?

साधं गणित आहे. चांगल्या छपाईला एका इंचात ३०० ठिपके लागतात. इन्स्टाग्रामसाठी केलेली चौकोनी पोस्ट १०८० बाय १०८० ठिपक्यांची असते. भागाकार करा: ३.६ इंच. म्हणजे ती पोस्ट कागदावर फार तर ९ सेंटीमीटर चौकोनात नीट छापेल. तीच तुम्ही ए-फोर पत्रकावर ताणली की धुरकट येणार, कारण त्याला साधारण २४८० बाय ३५०८ ठिपके हवेत.

फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे तिथे इंचाला ७२ ठिपकेही बऱ्याचदा चालतात. तरी १० बाय ४ फुटांच्या बोर्डाला ८६४० बाय ३४५६ होतात, व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत ते नसतात. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं. प्रिंटरला फाइल पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा मेल करा.

आणि गूगलवरून उचललेला फोटो वापरू नका. तो कोणाचा तरी असतो, ही एक गोष्ट. दुसरी जास्त महत्त्वाची: पाकिटावर परदेशी केक आणि आत तुमचा रवा केक, हे गिऱ्हाईक विसरत नाही. खिडकीजवळ, सकाळच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर स्वतःच्या मालाचा फोटो काढा. साधा असला तरी तो तुमचा आहे.

बोर्ड किती लांबून वाचणार?

बोर्ड रंगवणाऱ्यांचा एक ढोबळ हिशोब असतो: दर दहा फुटांना एक इंच उंचीचं अक्षर. रस्त्याच्या पलीकडून, ४० फुटांवरून वाचायचं तर अक्षर किमान ४ इंच. मराठीत मात्र ही उंची मूळ अक्षराची धरा, वरची वेलांटी आणि खालचा उकार सोडून. त्यामुळे ओळीला जागा जास्त लागते.

आता वेळेचा हिशोब. ताशी ४० किलोमीटरने जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. तीन सेकंदांत बोर्ड मागे पडतो. त्यात पाच-सहा शब्द वाचून होतात. तरी आपण बोर्डावर मालाची पूर्ण यादी, तीन मोबाइल नंबर, ईमेल आणि कुलदैवताचा फोटो टाकतो! देवाचा फोटो आत गल्ल्यावर लावा, त्याला तिथे जास्त मान आहे. बोर्डावर दुकानाचं नाव, काय मिळतं ते, आणि एक नंबर.

महाराष्ट्रात दुकान असेल तर आणखी एक बघा. २०२२ च्या कायद्यातल्या दुरुस्तीपासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही पाटी मराठीत, देवनागरीत लावावी लागते, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. 'डिझायनरने इंग्रजी मोठं केलं' हे कारण तिथे चालणार नाही.

क्यूआर कोड लावणार असाल तर तो गडद रंगात, फिक्या बॅकग्राउंडवर, चारही बाजूंनी कोरी जागा सोडून छापा. हातात धरायच्या वस्तूवर तो २ सेंटीमीटरपेक्षा लहान करू नका. गोल बरणीवर गुंडाळला गेला की स्कॅन होताना अडतो. घरातल्या सगळ्यात जुन्या मोबाइलवर करून बघा.

सरकारी मजकुराला जागा शेवटी नाही, सुरुवातीला

खाद्यपदार्थाच्या लेबलवर हे सगळ्यात जास्त चुकतं. सुंदर डिझाइन पूर्ण होतं आणि मग कोणीतरी विचारतं, "एफएसएसएआयचा नंबर कुठे?" मग तो कोपऱ्यात मुंगीसारख्या अक्षरांत कोंबला जातो. म्हणून कोऱ्या कागदावर आधी हे मांडा: पदार्थाचं नाव, घटक पदार्थ, पोषणमूल्यांचा तक्ता लागत असेल तर तो, निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, एक किलोपेक्षा कमी वजन असेल तर एका ग्रॅमची किंमत, बनवल्याची आणि वापरण्याची मुदत, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक. उरलेली जागा तुमच्या कमळाची.

शाकाहाराचा हिरवा ठिपका दर्शनी बाजूला, नावाजवळ हवा. मापही ठरलेलं आहे: दर्शनी भाग १०० चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर ठिपक्याचा व्यास किमान ३ मिलिमीटर, १०० ते ५०० मध्ये ४ मिलिमीटर, आणि भोवतीच्या चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट. कढीपत्त्याच्या चटणीच्या हिरव्यागार लेबलवर हिरवा ठिपका दिसत नाही, त्याला मागे पांढरी जागा द्या.

आणि हे नीट ऐका: हा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत लागतो. मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी वापरा, पण फक्त मराठीत भागत नाही. छापून झाल्यावर हे कळलेले दोन जण माझ्याच बॅचमध्ये होते.

तारखेच्या शिक्क्याला कोरी चौकट ठेवता ना? ती ठेवलीत तरी चकचकीत प्लास्टिकवर किंवा लॅमिनेशनवर साध्या पॅडची शाई टिकत नाही, बोट लागलं की पुसते. प्लास्टिकवर चालणारी, लवकर वाळणारी शाई वेगळी मिळते. नमुना आला की शिक्का मारून, पाच मिनिटांनी अंगठ्याने घासून बघा.

प्रिंटरकडे जाण्याआधी

पाऊच असेल तर आधी त्याची आखणी मागून घ्या, प्रिंटर तिला डायलाइन म्हणतात. त्यात घडी कुठे, सील कुठे, झिप कुठे हे दाखवलेलं असतं. मी ती मागितली असती तर ३,००० पाऊच वाचले असते. महत्त्वाचा मजकूर कडांपासूनही आत ठेवा, माल भरल्यावर पाऊच फुगतो आणि कडेची अक्षरं मागे वळतात. कार्ड किंवा पत्रक असेल तर बॅकग्राउंडचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर जाऊ द्या, नाहीतर कटिंग जरा सरकलं की पांढरी रेघ दिसते.

काम झालं की डिझायनरकडून मूळ फाइल घ्या. फक्त जेपीजी नाही. किंमत बदलली की जेपीजीत काही करता येत नाही, आणि मग पुन्हा पहिल्यापासून पैसे. हे व्यवहार ठरवतानाच बोलून घ्या, नंतर मागायला अवघड वाटतं.

आमच्याकडे आता नियम आहे. नवीन डिझाइन आलं की घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात छापायचं, जुन्या पाऊचला चिकटवायचं, भाजणी भरायची आणि आईपुढे ठेवायचं. ती मुद्दाम चष्मा काढते आणि हातभर लांब धरून बघते. गेल्या महिन्यात अनारसे पिठाचा पाऊच तिने तसाच परत दिला.

"वजन किती आहे यात?"

"अगं, लिहिलंय की."

"कुठे?"

मी दाखवायला गेले. वरच्या झिपच्या पट्टीखाली दाबलं गेलं होतं. ते डिझाइन आता पुन्हा होतंय.